शिळ्या पेरूचा गंबो

गेल्या महिन्यात बेळगावच्या एका वाचकभगिनींचे पत्र संपादकांमार्फत माझ्या हाती आले. त्यांचे चिरंजीव नोकरीनिमित्त अमेरिकेत असतात. तेथील नोव्हेंबरातल्या सणाला चारसहा मित्रांनी मिळून एक भला मोठा पेरू भाजला. खाणारी तोंडे सहा आणि पक्षी बारा जणांना पुरेल एवढा. साहजिकच अर्धाअधिक उरला. "टाकवत नाही आणि रोज तेच खाववत नाही, काय करू?" असे मुलाने दूरध्वनीवरून आईला विचारले. आईने कोंबडीपलीकडे कोणताच पक्षी कधी शिजवलेला नाही. या सदरात मी अधूनमधून स्वयंपाकघरात नाक खुपसतो हे ठाऊक असल्यामुळे त्यांनी तो प्रश्न माझ्याकडे धाडला. योगायोग असा, की २०२३ च्या नोव्हेंबरात हाच प्रश्न माझ्यापुढे प्रत्यक्ष उभा राहिला होता, आणि त्याचे उत्तर एका वृद्धेने मला चुलीपाशी उभे करून शिकवले होते. तेव्हा या खेपेस साहित्यचर्चा बाजूस ठेवून तीच हकीकत सांगतो.

'पेरू भाजला' हे शब्द वाचून इंदूर-बडोद्याकडील वाचकांच्या डोळ्यांपुढे फळ उभे राहिले असेल. आम्हा गोमंतकीयांची तशी फसगत होत नाही. आमच्याकडे फळाला 'पेर' म्हणतात आणि पेरू म्हणजे गळ्याशी लाल लोळी लोंबणारा, शेपटीचा पंखा उभारून फिरणारा तो टर्की पक्षी. पोर्तुगीज भाषेत त्याचे नाव पेरू. नाताळात काही ख्रिस्ती घरांतून तो सारण भरून भाजतात. हा पक्षी मूळचा मेक्सिकोकडचा, परंतु त्याच्या नावांचा गोंधळ पाहिला म्हणजे गंमत वाटते. पोर्तुगीजांनी त्याला पेरू देशाचे नाव दिले. इंग्रजांना तो तुर्कांच्या मुलखातून आला असे वाटले, म्हणून टर्की. खुद्द तुर्क त्याला 'हिंदी' म्हणतात. फ्रेंचांचे 'दँद' म्हणजे हिंदुस्थानचा, आणि डच लोकांच्या 'काल्कून' या नावात आपले कालिकत दडलेले आहे. ज्याला त्याला तो दुसऱ्याच कोणाच्या तरी अंगणातला वाटला!

हिंदुस्थानातल्या त्याच्या आगमनाशी मात्र गोव्याचा खरोखरच संबंध आहे. १६१२ साली मुकर्रबखान नावाच्या सरदाराने बादशहा जहांगीरासाठी गोव्याहून काही दुर्मीळ वस्तू व प्राणी नेले, त्यांत हा पक्षी होता. त्याच्या डोक्यागळ्याचा रंग सरड्यासारखा कसा पालटतो, याचे वर्णन जहांगिराने आपल्या आत्मचरित्रात मोठ्या कुतूहलाने केले आहे. आणि दरबारी चित्रकार मन्सूर याने काढलेले त्याचे चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयात आहे. बादशहाने तो खाल्ला की नुसताच पाहिला, हा प्रश्न माझ्या एका विद्यार्थ्याने वर्गात विचारला होता. मुलांना नेमके तेच विचारावेसे वाटते.

असो. आमची थोरली कन्या लुइझियाना राज्यातील बॅटन रूज या गावी संशोधन करते. दिवाळीच्या सुटीस साठलेली रजा जोडून मी आणि सौभाग्यवती तिच्याकडे गेलो होतो. मिसिसिपी नदीच्या काठचे हे शहर. नोव्हेंबरातही हवा आपल्या डिसेंबरासारखी. झाडांवर शेवाळ्याच्या जटा लोंबत असलेल्या. आणि ओलसर, चिखलट वास असा, की डोळे मिटले तर माणसाला मांडवीच्या काठावर असल्याचा भास व्हावा.

त्यांचा आभाराचा सण नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारी असतो. १८६३ साली, यादवी युद्ध चालू असताना, अध्यक्ष लिंकन यांनी तो देशभर पाळण्याची घोषणा केली आणि १९४१ साली कायद्याने त्याचा वार कायमचा ठरला. त्या वर्षी तो २३ तारखेला आला. कन्येने चौदा पौंडांचा, म्हणजे सहा किलोंहून अधिक वजनाचा पेरू आणला होता. विद्यापीठातली चार मुले जेवायला आली. मला स्वतःला ते मांस किंचित कोरडे वाटले, हे येथे प्रांजळपणे नमूद करतो. पण मुले आवडीने जेवली आणि रात्री उशिरापर्यंत गाणी म्हणत बसली. ताटे आवरून झाल्यावर जो पसारा उरला, तो पाहून सौ. म्हणाल्या, "राहू दे ग. मी आहे ना. दोन-चार दिवस दुपारी मी संपवीन."

हे वाक्य मी गेली तीस वर्षे ऐकत आलो आहे. इतके, की ते मला ऐकूच येईनासे झाले होते. कन्येने मात्र हातातले ताट ओट्यावर जरा जोरातच ठेवले.

"आई, शिळे नेहमी तूच का खायचे? आजीही तेच करायची. ताजे आम्हाला आणि बाबांना, कालचे तुला."

सौ. हसल्या. "अग, मला आवडते कालचे," म्हणाल्या. "काल्चे हुमण तर ताज्याहून सरस लागते की नाही?"

"लागते ना? मग बाबांना कधी वाढलेस?"

यावर आम्ही तिघेही काही बोललो नाही. गोव्याबाहेरील वाचकांसाठी सांगतो: आदल्या दिवशीचे माशाचे हुमण मंद विस्तवावर आटवून सकाळी पेजेबरोबर खाण्याची आमच्याकडे जुनी रीत आहे. त्या चवीचे कौतुक मी वर्गात आणि लेखांतून कितीदा तरी केले आहे. परंतु घरात ते कोणाच्या वाट्याला येत होते, हे आठवू लागलो तेव्हा डोळ्यांपुढे आई आली. चुलीपाशी पाट घेऊन, सगळ्यांच्या मागून, मडक्याच्या तळाला बोटे फिरवणारी. "म्हाताऱ्यांना शिळे बाधत नाही," असे ती म्हणे. त्या वेळी तिचे वय चाळीसही नसेल. पंगतीत माझे पान कायम पहिले असे, त्यामुळे शेवटच्या पानावर काय पडते ते पाहण्याची वेळच माझ्यावर आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, मनातली रुखरुख हाताला काम देऊन घालवावी म्हणून, मी शीतपेटी आवरायला घेतली. मांस सौ.नी सोलून डब्यात भरले होतेच. उरला होता पक्ष्याचा सांगाडा: बरगड्या, कणा, मान, पंखांची टोके, पायांची नळकांडी. ते सारे एका पिशवीत घालून मी कचराकुंडीकडे निघालो. जिन्यावर शेजारच्या बाई भेटल्या. वय पंचाहत्तरीच्या पुढे, सावळ्या वर्णाच्या, अंगाने भरलेल्या, हातात काठी. मूळच्या न्यू ऑर्लिन्सच्या. २९ ऑगस्ट २००५ रोजी कॅट्रिना वादळ आले, बांध फुटले आणि ते शहर सुमारे ऐंशी टक्के पाण्याखाली गेले, तेव्हा घर सोडून या गावी आल्या त्या येथेच राहिल्या. त्यांनी पिशवीकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"हे घेऊन कुठे निघालात?"

मी सांगितले. बाईंनी काठी भिंतीला टेकवली आणि पिशवी माझ्या हातातून काढूनच घेतली. "मुली," त्या वर तोंड करून कन्येला म्हणाल्या, "तुझे वडील माझा गंबो टाकायला निघाले आहेत!"

आता गंबो म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. दाट, गडद तपकिरी रश्शाचा हा पदार्थ भातावर वाढून खातात. २००४ साली लुइझियानाने त्याला आपल्या राज्याचे अधिकृत पक्वान्न ठरवले. त्याचा उगम कोणी एकाने सांगू नये, इतक्या हातांचा तो मेळ आहे. गंबो हे नाव आफ्रिकेतल्या अंगोलाकडील बांतू भाषांतल्या, भेंडीला असलेल्या 'की-न्गोम्बो' या शब्दावरून आले असे बहुतेक अभ्यासक मानतात. होय, आपली भेंडी! १७१९ पासून आफ्रिकेतली माणसे गुलाम म्हणून जहाजांतून लुइझियानात आणली गेली, आणि त्यांच्याबरोबर भेंडी व भातशेतीचे ज्ञानही त्या मुलखात गेले. मैदा तेलात भाजून रस्सा दाट करण्याची रीत फ्रेंचांची. सॅसफ्रस नावाच्या झाडाची पाने वाळवून केलेली 'फिले' ही पूड चॉक्टॉ या मूळ रहिवाशांनी दिली. १७५५ पासून इंग्रजांनी नोव्हा स्कोशियातून हाकलून दिलेले फ्रेंच भाषक शेतकरी पुढच्या दशकात लुइझियानात येऊन वसले. त्यांनाच केजन म्हणतात, आणि त्यांचा गंबो अधिक काळसर, धुरावलेल्या मांसाचा. न्यू ऑर्लिन्सकडच्या क्रिओल घरांत त्यात कोळंबी, खेकडे आणि कधी टोमॅटोही पडतो. एका राज्यात इतके गंबो, आणि प्रत्येक घराला आपलाच खरा वाटतो. आपल्याकडील आमटीची गत याहून वेगळी आहे काय?

पण गंबोच्या आधी हाडांचा अर्क, म्हणजे स्टॉक. वाचकभगिनींच्या चिरंजिवांनी येथून पुढे लक्ष द्यावे.

सांगाड्याचे हातानेच चार-पाच तुकडे करून मोठ्या पातेल्यात घालावेत. त्यावर थंड पाणी, हाडे बुडून दोन बोटे वर येईल इतके. एका मध्यम पेरूला चार-पाच लिटर लागते. दोन कांदे सालासकट चिरून, दोन गाजरे, सेलरीच्या दोन-तीन काड्या पानांसकट, दोन तमालपत्रे, दहाबारा मिरे. मीठ मुळीच घालू नये, कारण अर्क पुढे आटणार असतो आणि त्याबरोबर खारटपणा वाढत जातो. सुरुवातीला वर येणारा फेस काढून टाकावा. त्यानंतर आच इतकी मंद ठेवावी, की पातेल्यात मधूनच एखादा बुडबुडा यावा. येथे मी बाईंना विचारले, की गॅस मोठा केला तर लवकर होणार नाही का? त्यांनी मान हलवली. खळखळा उकळले की चरबी आणि गाळ पाण्यात घुसळले जातात आणि अर्क गढूळ होतो. हाडांच्या सांध्यांत जो चिवट भाग असतो, त्याचे हळूहळू विरघळणारे सरस बनते. त्याला वेळ हवा. तीन ते चार तास लागतात. तेवढ्या वेळात कन्येचे घर अशा वासाने भरून गेले, की आदल्या दिवशीच्या पक्ष्यात एवढे काही शिल्लक होते यावर विश्वास बसेना.

गाळून झाल्यावर मी पातेल्यावर झाकण ठेवून ते तसेच ओट्यावर राहू देणार होतो. आपल्या घरांतून रात्रीची आमटी अशीच राहते आणि सकाळी पुन्हा उकळी आणली म्हणजे आपले समाधान होते. बाईंनी मला चांगलाच दम भरला. भांडी धुण्याच्या मोरीत बर्फाचे पाणी भरायला लावले, पातेले त्यात ठेवायला लावले आणि अर्क थंड होईपर्यंत ढवळायला लावला. कन्येने, विज्ञानाची विद्यार्थिनी असल्यामुळे, त्याचे कारण सांगितले. मांसरसात अशा काही जंतूंची बीजुके असतात, की ती उकळूनही मरत नाहीत. मोठे भांडे आतून कित्येक तास कोमट राहते आणि त्या कोमटपणात ती रुजतात. म्हणून शिजलेले मांस अथवा रस दोन तासांच्या आत शीतपेटीत गेला पाहिजे. भांडे मोठे असेल तर तो उथळ डब्यांत वाटून ठेवावा. पुन्हा गरम करताना नुसते कोमट करू नये, चांगली वाफ येईपर्यंत, म्हणजे ७४ अंश सेल्सिअसपर्यंत तापवावे. लहानपणी सणाच्या दुसऱ्या दिवशी आई पोट धरून निजलेली असे आणि आम्ही त्याला 'दगदग' म्हणत असू. आता वाटते, ती सारीच दगदग नव्हती.

शनिवारी सकाळी डब्याचे झाकण काढले, तो वर चरबीचा पांढरा थर आणि खाली अर्क जेलीसारखा थरथरणारा. बाईंनी डबा हलवून पाहिला आणि त्यांच्या चेहऱ्यावर प्रथमच आमच्याविषयी थोडीशी संमती दिसली. चरबी चमच्याने काढून टाकली. सुमारे तीन लिटर अर्क निघाला होता.

मग रू. त्याला आपल्या भाषेत भाजणी म्हटले तर चालेल. एक पेला तेल आणि एक पेला मैदा, जाड बुडाच्या भांड्यात, मंद आचेवर, लाकडी उलथन्याने ढवळत राहायचे. चाळीस मिनिटे, क्वचित अधिकही. हे काम बाईंनी माझ्याकडे सोपवले. मैदा आधी वाळूसारखा दिसतो, मग दाण्याच्या कुटासारखा, मग जुन्या तांब्याच्या पैशासारखा, आणि अखेरीस भाजलेल्या चिंचोक्याच्या सालीसारखा गडद. या शेवटच्या रंगाच्या पलीकडे एक पाऊल गेले की जळला. माझा मैदा तांब्यापर्यंत आला होता. त्याच वेळी भेंडीच्या शब्दाची व्युत्पत्ती बाईंना सांगावी असे मला वाटले. आयुष्यभर फळ्यासमोर उभे राहण्याची ही खोड! अंगोला, पोर्तुगीजांची जहाजे, गोवा अशी मजल मारून मी परत भांड्याकडे वळलो, तो तळाशी काळे ठिपके तरंगू लागलेले.

"थोडेच आहेत," मी म्हणालो.

बाईंनी काही न बोलता सारे भांडे रिकामे केले. काळे ठिपके दिसले की ती भाजणी टाकलीच पाहिजे, कितीही मसाला घातला तरी कडवटपणा झाकत नाही. मग त्यांनी उलथने सौ.पुढे धरले.

सौ.ना इंग्रजी फारसे येत नाही आणि बाईंना मराठी कशाला येईल? परंतु पुढची चाळीस मिनिटे त्या दोघींना दुभाष्याची गरज पडली नाही. सौ.नी दर दिवाळीला बेसनाचे लाडू केले आहेत. पीठ कधी सैल पडते, तूप कधी सुटते, खमंग वास कोणत्या क्षणी करपट होऊ पाहतो, हे त्यांच्या मनगटाला ठाऊक आहे. त्यांनी आच आणखी कमी केली, पदर खोचला आणि एका लयीत ढवळू लागल्या. बाई खुर्चीवर बसून पाहत होत्या. एकदा त्यांनी पुढे वाकून वास घेतला, आणि सौ.नी त्याच क्षणी बोट वर करून 'अजून थोडे' असे खुणावले. बाई मागे सरल्या. माझ्या बाबतीत त्या मागे सरल्या नव्हत्या, हे मी टिपून ठेवले.

रंग आला की बारीक चिरलेल्या भाज्या एकदम त्यात टाकायच्या. त्याने तापमान उतरते आणि भाजणी जळायची थांबते. कांदा, सेलरी आणि भोपळी मिरची या तिघांना तिकडे 'पवित्र त्रयी' म्हणतात. दोन मोठे कांदे, एक मोठी मिरची आणि सेलरीच्या तीन काड्या. भाज्या मऊ झाल्या की ठेचलेला लसूण, तिखट, मिरपूड, तमालपत्र. मग अर्क डावेने थोडा थोडा घालायचा आणि प्रत्येक डावेनंतर ढवळायचे, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. धुरावलेल्या सॉसेजच्या चकत्या आधी वेगळ्या परतून त्यात घालतात. तेथे आंदूई नावाचे डुकराच्या मांसाचे सॉसेज वापरतात. आमच्या घरी ते चालत नाही म्हणून बाईंनी पेरूच्याच मांसाचे आणवले होते. यानंतर तासभर तरी मंद शिजवायचे. उरलेले मांस, साधारण अर्धा-पाऊण किलो, शेवटच्या पंधरावीस मिनिटांतच घालावे. ते आधीच शिजलेले असते. लवकर घातले तर त्याची दोरी होते. मीठ अगदी अखेरीस, चव पाहून.

भेंडीचे सांगायचे राहिले. भाजणी जितकी गडद तितकी ती रस्सा कमी दाट करते, कारण पिठातले सत्त्व भाजण्याने मोडते. म्हणून दाटपणासाठी भेंडी घालतात किंवा फिले. भेंडी पावशेर पुरे; ती आधी वेगळ्या तव्यावर, तार तुटेपर्यंत परतून घ्यावी. आपण भेंडीच्या भाजीत आमसूल टाकतो त्यामागे हीच युक्ती आहे, असे सौ.नी कन्येकरवी सांगितले, तेव्हा बाईंनी आमसूल म्हणजे काय ते दोनदा विचारून घेतले. फिले मात्र भांडे विस्तवावरून उतरवल्यावरच घालायची, नाही तर रस्सा तारतार होतो. पूर्वी उन्हाळ्यात ताज्या भेंडीचा आणि हिवाळ्यात, भेंडी नसे तेव्हा, फिलेचा गंबो होई. बाई दोन्ही एका भांड्यात घालीत नाहीत. घालणारी माणसे आहेत, असे कन्या म्हणाली. बाईंनी त्या माणसांबद्दल जे मत दिले ते मासिकात छापण्याजोगे नाही.

जेवायला आम्ही आठ जण होतो, गुरुवारची चारही मुले पुन्हा आली होती. उथळ वाडग्यात मध्ये भाताचा मुदा आणि भोवती गंबो. बाईंनी पहिला वाडगा भरला आणि सौ.पुढे ठेवला. सौ.नी तो उचलून सवयीने माझ्यापुढे सरकवला. बाईंनी तो पुन्हा त्यांच्यापुढे आणला. असे दोनदा झाले. शेवटी कन्या म्हणाली, "आई, इथली रीत आहे. ज्याने रू ढवळला तो पहिला." ही रीत खरोखर आहे की तिने त्या क्षणी घडवली, हे मी अजून विचारलेले नाही. सौ.नी चमचा उचलला, पण आम्हाला वाढले जाईपर्यंत तोंडात काही घातले नाही. मग खाल्ले. चव कशी होती ते कसे सांगू? धुराची, भाजलेल्या पिठाची, आणि खाली कुठेतरी खोल त्या हाडांची. गुरुवारी जो पक्षी मला कोरडा वाटला होता, तो हा नव्हेच. मी दोन वाडगे खाल्ले. आदल्या दिवशीचे अन्न मी पाहुण्याच्या जागी बसून, मागून घेऊन खातो आहे, हे माझ्या ध्यानात दुसऱ्या वाडग्याच्या वेळी आले.

आमच्याकडे परतल्यावर दोन महिन्यांनी मी गावठी कोंबडीच्या हाडांवर हा प्रयोग केला. कोंबडीला दीड-दोन लिटर पाणी आणि दोन-अडीच तास पुरतात. भाजणीचे प्रमाण निम्मे करावे. सेलरी मिळाली नाही तेव्हा कोथिंबिरीचे देठ घातले, ते वाईट लागले नाहीत. चोरीस खाणाऱ्यांना सॉसेजऐवजी ते घालण्याचा मोह होईल, पण त्यात व्हिनेगर आणि मसाला भरपूर असतो, रस्सा आंबट होऊन भलताच पदार्थ तयार होतो. घालायचेच तर चार मणी घालून पाहावेत. शाकाहारी वाचकांना मी याबाबत काही सांगू शकत नाही. भाजणी आणि भेंडी त्यांच्याही घरची आहे, अर्क त्यांनी आपल्या बुद्धीने शोधावा.

भाजणी मीच ढवळली आणि त्या वेळी कोणाशीही बोललो नाही. रात्री उरलेला गंबो डब्यात काढून ठेवला. दुसऱ्या दिवशी शाळेतून आलो तो सौ. ओट्यापाशी उभ्याने तो संपवीत होत्या. मी ताट घेऊन आत गेलो. "तुमच्यासाठी ताजे केले आहे," त्या म्हणाल्या. मी म्हटले, मला यातले हवे. डब्यात दोन डाव उरले होते. त्यांनी एक मला वाढला आणि, मला वाटते, थोडा अधिकच वाढला.

बेळगावच्या भगिनींना आता नेमके उत्तर देतो. चिरंजिवांना कळवावे, की हाडे टाकू नयेत. मांस तीन-चार दिवसांपलीकडे शीतपेटीत ठेवू नये, त्याआधी वापरावे किंवा गोठवून ठेवावे. अर्क गोठवला तर दोन-तीन महिने उत्तम राहतो. गंबो सणानंतरच्या शनिवारी करावा म्हणजे मित्रांना सुटी असते. रू ढवळण्यास दोघे जण ठेवावेत, एकाचा हात दुखला तर दुसरा. आणि त्या चाळीस मिनिटांत दूरध्वनी घेऊ नये, आईचा आला तरी.